मोठेपणी कोण होणार?

नव्वदच्या दशकात मी जयनगरच्या एका शाळेत पहिलीला शिकवायचे. पालकसभेत मुलांना हमखास विचारलं जायचं, "मोठेपणी कोण होणार?" उत्तरं घरून घोकून आलेली असत. कुणी इंजिनिअर, कुणी सायंटिस्ट. एकानं नुसतंच "अमेरिका" म्हटलं, तरी टाळ्या! तो माझाच मुलगा, त्यामुळे सगळ्यात जोरात टाळ्या माझ्याच.

मग एक चिमुरडी उठून म्हणाली, "मी शेजारीण होणार. वरच्या आजोबांची मुलं अमेरिकेत असतात ना, म्हणून त्यांना गोळ्या माझी अम्मा देते."

पालक खो खो हसले. असलं करिअर कुणी ऐकलंच नव्हतं.

आता माझा मुलगा अमेरिकेतच असतो. माझ्या गोळ्या खालच्या मजल्यावरची अक्का आणून देते.