बडेबाबूंची दाढी

कचेरीत घाम पुसायचीसुद्धा एक रीत असते, असं मानणारा माणूस साऱ्या वर्धा जिल्ह्यात एकच होता, आणि तो वरिष्ठ म्हणून नेमका माझ्याच वाट्याला आला. ते आमचे बडेबाबू. मी नुकताच नोकरीला लागलो होतो, नुकतंच लग्न झालं होतं आणि स्वभावानं मी गबाळा होतो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरून खालपर्यंत असं न्याहाळलं, की अंगात सदरा आहे की नाही अशी मलाच शंका आली. मग त्यांनी ड्रॉवरमधून सुईदोरा काढला, मला जवळ बोलावलं आणि माझ्या सदऱ्याची लोंबणारी गुंडी, सदरा माझ्या अंगावर असतानाच, शिवून दिली. दातांनी दोरा तोडून ते म्हणाले, "छोटे बाबू, आज मी लावली. उद्याची तुमच्या घरून लागून यावी." घरी जाऊन मी एक शब्द न बोलता सगळ्या सदऱ्यांच्या गुंड्या ओढून पाहिल्या. त्यावरून बायको कितीतरी दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. तिचं चुकलं नव्हतंच. तिचं तरी काय, माझं स्वतःचंही कधी माझ्या गुंड्यांकडे लक्ष नव्हतं.

बडेबाबू सिंदी मेघ्याहून पायी येत. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला काळा कोट, काळी टोपी आणि बूट. पण पावसाळ्यात ते बूट पायात नसत, काखेतल्या पिशवीत असत. आमच्याकडच्या काळ्या चिखलात बूट घालणं म्हणजे बूट चिखलाला देऊन टाकणं. कचेरीच्या मागच्या विहिरीवर ते पाय धूत, पंच्यानं बोटांच्या बेचक्या कोरड्या करत, बूट चढवत आणि मग जणू बंद मोटारीतून उतरल्यासारखे पुढच्या दारानं आत येत. मे महिन्यात दारांना खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ओल्या टट्ट्या लावल्या तरी आम्ही सगळे बनियनवर यायच्या बेतात असू. कचेरीची रोकड सांभाळणारे नाझर तर टेबलाखाली धोतर गुडघ्यापर्यंत वर घेऊन बसत. बडेबाबूंची मात्र वरची गुंडीसुद्धा सुटत नसे. घाम आला की ते उठून व्हरांड्याच्या टोकाला जात, भिंतीकडे तोंड करत, रुमालाची घडी न मोडता कपाळ टिपत आणि परत येत. कोट घातला की त्यांची भाषाही इस्त्रीची होई. घरची वऱ्हाडी त्यांच्या तोंडून कचेरीत कधी ऐकू आली नाही.

दाराच्या आत त्यांनी स्वतःच्या पैशानं एक आरसा टांगला होता. त्यात पाहिल्याशिवाय खुर्चीत बसायचं नाही, हा दंडक. कापसाच्या हंगामात जिनिंगची रुई उडून आमच्या केसांत बसायची. तेव्हा बडेबाबू आमच्यामागून फिरत आणि चिमटीनं एकेक पुंजका उचलत. नखं पाहत. पान खाऊन कोणी अर्जदाराशी बोलायला लागला, तर त्याच्यापुढे गुपचूप पाण्याचा गडवा आणून ठेवत. या सगळ्याचं कारण त्यांनी मला एकदाच सांगितलं. देवळीकडचा एक म्हातारा बैलगाडीनं पहाटे निघून जमिनीच्या कागदाच्या नकलेसाठी आला होता. मी मान वर न करता त्याला ताटकळत ठेवलं. तो गेल्यावर बडेबाबू माझ्याजवळ आले. "त्याचं धोतर पाहिलं? पेटीतलं होतं. घड्या दिसत होत्या. तो माणूस अंघोळ करून, देवाला जावं तसा आपल्याकडे आला. आणि तुम्ही दाढी न करता त्याच्यापुढे बसलात. बसा म्हणायला तरी काय लागतं?" त्यानंतर आमच्या कचेरीत समोर आलेल्याला आधी 'बसा' म्हणायची आणि मग काम विचारायची पद्धत पडली. त्यासाठी आमच्या टेबलांसमोर आलेला बाक बडेबाबूंनी कुठून मिळवला होता, हे विचारायची छाती कोणाला झाली नाही.

न्हाव्याकडे ते जात नसत. न्हावी बसायचा कचेरीसमोरच्या निंबाखाली. "ज्या माणसाला उद्या माझ्यापुढे उभं राहायचं, त्यानं मला गळ्याला फडकं बांधून बसलेलं पाहायचं?" असं ते म्हणत. डोकं तेवढं सासुरवाडीला पुलगावला गेले की करून येत. दाढी रोज स्वतःच्या हातानं, पहाटे, कंदिलाच्या उजेडात. थंडी असो, ताप असो, त्यांच्या गालावर खुंट उगवलेला कोणी पाहिला नव्हता.

म्हणूनच त्या शनिवारी ते दाढी न करता आले, तेव्हा कचेरीत कोणाचं कामात लक्ष लागेना. राज्यांची नवी रचना होऊन आम्ही मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेलो होतो. सोमवारी नवे साहेब पहिल्या मुआयन्याला, म्हणजे तपासणीला, यायचे होते आणि सगळी धांदल होती. बडेबाबू आरशाकडे न पाहता खुर्चीत बसले. दुपारी माझ्याजवळ येऊन हलकेच म्हणाले, "घरी जरा अडचण आहे," आणि निघून गेले.

"सुतक," नाझर म्हणाले. "दुसरं काय असनार? बाप गेला."

"मग कचेरीत कशाला येतील?" मी विचारलं.

"अरे, हा माणूस स्वतः मेला तरी सह्या करून मंग जाईन. बाप ऐंशीच्या पुढचा. त्याच्याबिगर दाढी राह्यली असती काय?"

मलाही ते पटलं. आमच्याकडे घरात कोणी गेलं की दहा दिवस दाढी करत नाहीत, आणि त्या गालाचं दुसरं स्पष्टीकरण कोणालाच सुचेना. संध्याकाळी मी आणि नाझर सिंदी मेघ्याला समाचाराला निघालो. वाटेत नाझरांनी मला बजावलं, "नमस्कार करू नोको, चहा घेऊ नोको, निघतानी 'येतो' म्हनू नोको." मी चेहरा लांब करून मागून चाललो.

ओट्यावर बडेबाबूंचे वडील सुपारी कातरत बसले होते.

आम्ही दोघं अंगणातच थबकलो. म्हाताऱ्यानं डोळ्यांवर हात धरून आमच्या पडलेल्या चेहऱ्यांकडे पाहिलं. "काऊन बाप्पा, असे तोंडं घेऊन कोनाच्या मयतीले गेलते?"

नाझर गोंधळले की खरं बोलत. "तुमच्याच," ते म्हणाले.

म्हाताऱ्याचा अडकित्ता थांबला. मग तो असा हसला, की मला वाटलं आता आमचं म्हणणं खरं करून दाखवतो. "मंग बसा नं! माह्या मयतीचा चहा माह्याच हातचा घेऊन जा. पुन्हा मी पाजाले नसन." हसता हसता त्यानं डोळे पुसले आणि आवाज उतरवून म्हणाला, "त्याचा हात, बाप्पा. थरथरून राह्यला. वस्तरा धरता येत नाई त्याले. सकाउन वस्तरा हातातून पडला, तसाच कचेरीत गेला. आता आत बसून पुन्हा पाहून राह्यला."

तेवढ्यात बडेबाबू बाहेर आले. एका गालावर साबणाचा फेस, हनुवटीला कापसाचा बोळा, आणि अंगात गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला कोट. कचेरीतली माणसं आली आहेत हे आवाजावरून कळताच आधी त्यांनी कोट चढवला होता. फेस पुसायचं राहून गेलं. मला हसू आलं. ते दिसू नये म्हणून मी खाली पाहिलं, तर त्यांच्या कोटाच्या बाहीतून उजवा हात लटलट हलत होता. ते हसू मला अजून सलतं.

त्या दिवशी मी त्यांची वऱ्हाडी पहिल्यांदा ऐकली. "टेबलावर टेकवला त लिहिता येते," ते म्हणाले. "हवेत धरला की नाचते. सोमवारी साहेबानं पाह्यलं त डॉक्टरकडं धाडतीन अन् घरी बसवतीन." आणि मग, "मी घरी बसलो त दारातल्या मानसाले बसा कोन म्हनन?"

नाझर एरवी टपालापेक्षा वेगानं बातमी पोचवत. ते म्हाताऱ्याला म्हणाले, "काका, आमी चहा घेतला अन् गेलो. दुसरं काई पाह्यलंच नाई." आणि ती गोष्ट त्यांनी मरेपर्यंत कोणाला सांगितली नाही. मी आत जाऊन वस्तरा उचलला.

सोमवारी भल्या सकाळी मी पुन्हा गेलो. दुसऱ्याची दाढी मी आयुष्यात केली नव्हती. बडेबाबूंनी हातातला आरसा गुडघ्यांत दाबून धरला होता आणि त्यातून माझ्यावर देखरेख चालू होती. "कल्ला वरखाली झाला, छोटे बाबू. तुमच्या मसुद्यासारखा." कानाखाली मी थोडं कापलंच. मुआयन्याला साहेबांनी हजेरीपट पुढे सरकवला. बडेबाबूंनी मनगट टेबलावर घट्ट रोवलं आणि सावकाश सही केली. साहेबांची नजर हातावर नव्हती, कानाखालच्या कापसावर होती.

"हे काय?"

"घाई केली, साहेब. माझीच चूक. पुन्हा दिसणार नाही."

पुन्हा दिसलंही नाही. ते पेन्शनीत निघेपर्यंत रोज मी सायकलवर सिंदी मेघ्याला जाई, दाढी करी, आणि मग आम्ही दोघं वेगवेगळ्या वेळी कचेरीत पोचू. दारात ते मला नव्यानं भेटल्यासारखे पाहत आणि रोज माझ्यात काहीतरी उणं काढत. पेन्शन झाल्यावरही दर रविवारी मी जाई. तेव्हा मात्र कोट नसे. उघड्या गळ्यानं ते ओट्यावर बसत, पण माझी नखं पाहिल्याशिवाय वस्तरा हातात देत नसत.

ते गेले तेव्हा मी पुलगावला बदलून गेलो होतो. तार मिळाली, पण वेळेवर पोचलो नाही. मी त्यांच्या भावकीतला नव्हे, माझी त्यांची जातही एक नाही. मला सुतक लागायचं कारण नव्हतं. दुसऱ्या दिवशी पहाटे आरशासमोर बसलो, गालाला साबण लावला आणि धुऊन टाकला. तसाच कचेरीत गेलो. एखादा माणूस पेटीतलं धोतर नेसून येईल आणि मी असा खुंट घेऊन त्याच्यापुढे बसेन, हे त्यांना मुळीच आवडलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. कोणी विचारलं तर काय सांगायचं, याचा वाटेत पुष्कळ विचार केला होता.

तो दिवस गेला, दुसरा गेला, दहाही गेले. नव्या कचेरीत माणसं चांगली होती, कामसू होती. माझ्या गालाकडे पाहून कोण गेलं असं कोणी विचारलं नाही.