आधी गूळ खा, साहेब

त्या मंगळवारी सकाळी आमच्या फॅक्टरीत धूळ नव्हती. चंद्रपूरजवळची, भट्ट्यांना आतून लावायच्या विटांची फॅक्टरी, ऐंशीच्या दशकातली... आणि धूळ नाही! मी दवाखान्याच्या दारात उभी राहून चक्क झाडाची हिरवी पानं बघत होते.

दवाखाना म्हणजे गेटजवळची एक खोली आणि मी तिथली टेम्पररी नर्स. नुकतीच चामोर्शीहून आलेली, बावीस वर्षांची. सहा महिने नीट वागलीस तर परमनंट करू, असं मॅनेजरसाहेबांनी सांगितलं होतं. 'नीट' म्हणजे काय, ते मला लवकरच कळलं.

आमच्याकडे विटांसाठी दगड भरडणारा एक क्रशर होता. बायका घमेल्यानं दगड ओतायच्या, यंत्र ते भरडायचं आणि पिठासारखी धूळ उडायची. त्यावर कंपनीचा इलाज एकच... रोज प्रत्येकीला गुळाचा एक खडा.

गुळानं घशातली धूळ खाली उतरते, असं सगळेच मानायचे. नर्सिंग शिकून आलेली मीसुद्धा! रोज सकाळी मी अशा ऐटीत गूळ वाटायचे, जणू अमृतच वाटतेय.

धूळ छातीत जाते आणि गूळ पोटात, हे मला पंचफुलाबाईनं शिकवलं. क्रशरवर अकरा वर्षं काढलेली ही बाई घमेलं उचलताना मध्येच थांबायची, खांब धरून उभी राहायची. आपला गूळ ती पदराच्या गाठीत बांधून घरी न्यायची. मी रागावले तर म्हणाली, "खाऊन का होते बाई? श्वास तं वरच अटकते. घरी चहात तरी पडते."

तिच्या नावापुढे रजिस्टरमध्ये काय लिहायचं, हे मॅनेजरसाहेबांनी ठरवून दिलं होतं. 'साधा खोकला.' तिचा, तिच्या शेजारणीचा, सगळ्यांचाच साधा खोकला... आणि मी निमूट लिहीत गेले. आज हे सांगतानाही लाज वाटते.

बायकांची मागणी काही मोठी नव्हती. क्रशरवर पत्र्याचं झाकण आणि धूळ ओढून घेणारा पंखा, बस्स. अर्ज तीनदा दिला. उत्तर म्हणून आला 'कामगार आरोग्य सप्ताह'... गेटवर कापडी फलक, प्रत्येकाला दोन केळी, आणि हे सगळं बघायला नागपूरच्या हेड ऑफिसातले मोठे साहेब.

तर तो मंगळवार. साहेब येणार म्हणून क्रशर बंद, जमिनीवर पाणी मारलेलं, बायकांना धुतलेली लुगडी नेसून यायचा हुकूम. साहेब क्रीम रंगाच्या सफारीत आले आणि चहूकडे बघून म्हणाले, हवा तर छान आहे इथली! आमचे मॅनेजर असे हसले, जसं काही ती हवा त्यांनीच घरून आणली होती.

तेवढ्यात पंचफुलाबाई रांगेतून पुढे आली. पदराची गाठ सोडली आणि साहेबांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"आधी गूळ खा, सायेब. आता धूळ येनार हाये."

आणि तिनं जाऊन क्रशरचं हिरवं बटण दाबलं!

मॅनेजर ओरडले, बंद कर म्हणाले. ती बटणासमोरून हलली नाही. "रोज चालते तं आज काऊन बंद जी? सायेब आमचं काम पाह्याले आले ना? पाहू द्या." तोवर बाकीच्या बायकांनी घमेली उचलली होती. एकीनं दगड ओतले, मग दुसरीनं, मग तिसरीनं...

दोन मिनिटांत सफारी राखाडी झाली. साहेब खोकत खोकत माझ्या दवाखान्यात शिरले, दोन ग्लास पाणी प्यायले आणि मग समोरचं रजिस्टर उघडलं. एक पान, दुसरं पान... "सगळ्यांना साधाच खोकला?" त्यांनी मला विचारलं.

दारात मॅनेजर उभे होते, माझ्याकडे बघत. नोकरी, गावाकडे माझ्या पगाराच्या भरवशावर असलेलं घर, सगळं त्या नजरेत होतं. पण बाहेर क्रशर अजून चालू होता आणि पंचफुलाबाई त्या धुळीत खांब धरून उभी होती. मी म्हटलं, "नाही साहेब. मी खोटं लिहिलंय. मला लिहायला सांगितलं आणि मी लिहिलं."

महिना संपायच्या आत मला नारळ मिळाला. पंचफुलाबाईला हात लावायची मात्र कोणाची हिंमत झाली नाही. तिला काढलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तिथं एकही घमेलं उचललं गेलं नसतं.

मी पुढे ब्रह्मपुरीला एका दवाखान्यात लागले. वर्षभरानं तिथल्या एसटी स्टँडवर ती भेटली, लेकीकडे निघालेली. दर दोन वाक्यांमागे धाप लागत होती... गेलेली छाती परत येत नाही. पण झाकण बसलं होतं, पंखाही बसला होता. "नव्या पोरींले खोकला नाई बाई," हे सांगताना तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग तिनं पदराची गाठ सोडली आणि माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

"कंपनीनं देनं बंद केलं. हा मी इकत घेतला. खा, गोड लागते."

तिथंच उभ्या उभ्या खाल्ला. त्यानंतर कितीतरी वर्षं नोकरी केली, कितीतरी साहेब पाहिले... पण कुणी सांगितलं म्हणून रजिस्टरमध्ये एकही खोटा शब्द पुन्हा लिहिला नाही. तुझ्या गुळाला जागले, पंचफुलाबाई.