बिनबाह्यांचा टी-शर्ट

माझी धाकटी जाऊ ललिता कळंब्यात घरी बसून ब्लाऊज शिवायची. हात असा, की गल्लीतली एक बाई दुसऱ्या टेलरकडं जायची नाही. पण टेप तिनं कधी कुणाच्या अंगाला लावली नाही. "मापाचा ब्लाऊज आण," एवढंच म्हणायची. नीट बसणारा जुना ब्लाऊज कापडावर पसरायचा, खडूनं रेघ ओढायची आणि कात्री चालवायची. बायकांनाही तेच बरं वाटायचं.

२००४ साली तिच्या छातीत गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं, उजवी बाजू सगळी काढली. दीर दादासो शिरोलीच्या फौंड्रीत, त्याला रजा कुठली? दवाखान्यात मीच होते. घरी आणली तर उजवा हात दंडापासून बोटांपर्यंत सुजला, एकही ब्लाऊज वर चढेना. दुखणं आत पसरलंय हे डॉक्टरांनी दादासोला बाजूला घेऊन सांगितलं. ललिताला कुणी बोललं नाही, तरी तिला कळलं. येडी नव्हती ती.

त्यातच तिची लेक अक्षता कुरुंदवाडला सासरी बाळंत झाली. पहिलं बाळंतपण खरं तर आमच्याकडं व्हायचं. पण अक्षताला आम्ही एवढंच सांगितलं होतं, की आईची बारकी गाठ काढलीय, हात दुखतोय, तिला झेपायचं नाही. बाळंतिणीनं धसका घेतला की दूध आटतं, हे ललिताच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

"कवातरी कळणारच की गं," मी म्हणायचे.

"कळू दे. पोर भात खायला लागल्यावर कळू दे."

नातीचं नाव ठेवायचा दिवस ठरला आणि ललितानं एकच धोशा लावला. "आक्का, एकदा पोरीला मांडीवर घेतो. मग काय व्हायचं ते होऊ दे."

पण जायचं घालून काय? दादासोनं बाजारातून पांढरा टी-शर्ट आणला, दुकानातला सगळ्यात मोठा. गळा खांद्यावरून घसरतोय, लांबी गुडघ्यापर्यंत, आणि एवढं असून बाही त्या सुजलेल्या हातावर अडकलेलीच! "बैलाला आणलाय व्हय रं हा?" मी ओरडले. बिचारा उंबऱ्यात जाऊन बसला. जन्मात कधी बाईमाणसाचा कपडा आणला नव्हता त्यानं.

ललिता मात्र हसली. "बाह्याच काढून टाकूया. सैल, बिनबाह्यांचं पोलकं करायचं. वरनं बुद्धवंदनेला नेसायची पांढरी साडी. कुणाला कळतंय?"

जायच्या आदल्या दुपारी ती फरशीवर बसली. टी-शर्ट पसरला, ट्रंकेतला स्वतःच्या मापाचा ब्लाऊज काढून त्यावर ठेवला आणि डाव्या हातानं खडूची रेघ ओढली. कात्री तिला धरवत नव्हती, म्हणून मी धरली. ती बोट दाखवायची, मी कापायचे. मला त्यातलं काय कळतंय? मग मशीनवर ती स्वतः बसली. ते कापड ताणायचं, दोरा तुटायचा, ही पुन्हा ओवायची. कितीतरी दिवसांनी तिच्या तोंडावर तरतरी दिसत होती.

अंगात घालून ती कपाटाच्या आरशापुढं उभी राहिली. डावी बाजू कशी चापूनचोपून बसलेली. उजवीकडं कापड रिकाम्या पिशवीगत लोंबत होतं आणि बगलेची शिवण सुजलेल्या दंडात रुतत होती. ती बघतच राहिली.

"आक्का, मी कुणाचं माप घेतलं गं?"

तो ब्लाऊज ऑपरेशनच्या आधीचा होता. दुसऱ्यांची मापं सांभाळण्यात जन्म गेला, आणि स्वतःचं अंग बदललंय हे बाई विसरली.

मी म्हटलं, कापूस भरूया. पण जखम अजून ओली, बोट लागलं तरी कळवळायची. म्हटलं, पदर घट्ट घे. "अक्षता गळ्यात पडंल की. तिच्या हाताला कळंल." म्हटलं, दुसरा आणू, दादासो आत्ता जाईल.

"नको. दुसरा कापायचं बळ न्हाय माझ्यात."

आणि तशीच, तेच घालून भिंतीकडं तोंड करून पडली. मला असा संताप आला, काय सांगू! तिचा, त्या ब्लाऊजचा, त्या दुखण्याचा. स्वयंपाकघरात जाऊन रडले.

दुसऱ्या दिवशी एसटीनं मी एकटीच गेले. अक्षता माझ्या पाठीमागं दाराकडं बघत होती. पोर छातीशी लागून चुटुचुटु पीत होती.

"आईला ताप आलाय," मी म्हटलं.

"ताप? बाळंतपणाला न्हेली न्हाई, आता नाव ठेवायलाबी आली न्हाई. मुलगी झाली म्हणूनच न्हवं? मोठी आई, तिला सांग, आता येऊच नको म्हणावं."

शब्द माझ्या ओठावर आले होते. त्या पिणाऱ्या पोरीकडं बघितलं आणि गिळले.

घरी येऊन मात्र माझ्यानं राहवलं नाही, ललिताला सगळं सांगितलं. म्हटलं, "उद्या पुन्हा जाते आणि खरं काय ते तिच्या तोंडावर सांगते! तुझ्याविषयी असं बोलती म्हणजे काय?"

तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"पोर पीत हुती?"

"हुती की. चांगली पीत हुती."

"मग रागावू दे तिला," ललिता म्हणाली. "रागानं दूध आटत न्हाय."