ड्राइव्हवरचा टिळा

झेंडूचा वास आला की मला ती खंडेनवमी आठवते. गेलेल्या आईच्या ओव्या एकाच बॅकअप सीडीत होत्या, आणि यंत्रांची पूजा आटोपून त्या ऐकायला बसलो, तर संगणकातलं सॉफ्टवेअर म्हणे वायरनं बाहेरून जोडलेला सीडी ड्राइव्हच सापडत नाही. सॉफ्टवेअर दोनदा काढून पुन्हा घातलं, शेवटी रडकुंडीला येऊन सीडीसकट ड्राइव्ह उचलला आणि शाहूपुरीतल्या दुरुस्तीवाल्या चाचांकडे गेलो. त्यांनी वायर जोडायची खाच भिंगातून पाहिली. “पावणं, पूजा केलीसा व्हय? कुंकू आत गेलंय की!” मी ओशाळलो. त्यांनी स्पिरिटच्या ब्रशनं कण न् कण काढला, ड्राइव्ह जोडला, आणि दुकानात आईचा आवाज घुमला. आता मी टिळा खाचेपासून लांब लावतो, आणि हात जोडताना चाचाच आठवतात. एवढं सगळं पुसूनही वरचा टिळा त्यांनी तसाच ठेवला होता.