बँकेत मोडलेली काडी

चंद्राबाई दारात आलेल्या माणसाला ‘या, बसा’ कधी म्हणायच्या नाहीत. कमरेवर हात ठेवून विचारायच्या, "काय पायजे?" अकोल्याला त्यांच्या पुढच्या खोलीत मी भाड्याने राहायला गेले, तेव्हा घाबरलेच होते. पण मागितलेलं दर वेळी मिळायचं, हेही खरं.

बाई सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. त्यांचा काडीमोड झालेला. पंचांसमोर नवराबायकोने एक काडी दोन टोकांना धरून मोडायची की संसार सुटला, अशी त्यांच्या समाजाची रीत. घर मात्र दोघांच्या नावावर बँकेकडे गहाण होतं. जुनं कर्ज मिटवून बाईंनी एकटीच्या नावावर नवं घ्यायचं, नाहीतर घर विकायचं, असं ठरलं होतं. आणि बँकेचे साहेब दर खेपेला नवा कागद मागत. पगाराचा दाखला झाला, घरपट्टीची पावती झाली. मग म्हणाले, "घटस्फोटाचा पुरावा आणा."

"काडीचा कागद कुठून आणू बाप्पा?" बाई घरी येऊन कडाडल्या. "पण घर मी सोडत नाई. या भिंतीले माह्या हातचा गारा हाय."

त्या अमरावतीला पंचांकडे जाऊन आल्या आणि सोमवारी मला घेऊन बँकेत शिरल्या. मागे पागोटेवाले पंच, त्यांच्या मागे मान खाली घालून नामदेवराव, बाईंचे पूर्वीचे यजमान. बाईंनी पिशवीतून गवताची काडी काढून एक टोक नामदेवरावांपुढे केलं. "धरा जी तिकून." कट्‌कन काडी मोडली. "घ्या साहेब, तुमच्यासमोर काडीमोड झाला. अजून काय पायजे?"

मला हसू आवरेना. साहेबांनी कपाळावर हात मारला. "अहो बाई, काडी फायलीला कशी लावू? हेच लिहून सह्या-अंगठे द्या, झालं!"

"मंग तसं आंधी सांगाचं ना!"

स्टँपपेपरवर मजकूर लिहिला, पंचांचे अंगठे उठले. नामदेवरावांनी पेन घेतलं आणि ते थांबले. त्यांनी नाही म्हटलं तर घर गेलंच.

"अजून एक लिहा साहेब," ते म्हणाले. "घरावर माहा हक्क नाई. बांधलं तिनं, मी नुसता राह्यलो." आणि त्यांनी सही केली.

स्टँडवर पंच बसमध्ये चढले. बाईंनी नामदेवरावांना विचारलं, "तुमाले काय पायजे?"

"काई नाई. कधी इकडे आलो तं दारातून पाणी देजो."

"दारातून कावून?" बाई डोळे पुसत म्हणाल्या. "घरात येऊन प्या. घर माहं हाय आता. कोणाले आत घ्याचं, ते मी ठरवीन."