कळशीचा व्हिडिओ

तिचं नाव आता आठवत नाही, पण विहिरीत कळशी बुडाल्याचा आवाज आला की तीच डोळ्यांपुढे येते.

इब्रामपूरचं आमचं बंद घर दोन वर्षं विकायला काढलेलं होतं. बाजार इतका थंड की गिऱ्हाईक फोनसुद्धा करीना. मग पेडण्याहून ही एजंट बाई स्कूटरवरून आली. हेल्मेट उतरवण्याआधीच तिने मोबाईल काढला. पुढच्या सोप्याचे फोटो इन्स्टाग्रामवर गेले, खोल्यांची मापं वेबसाइटवर. मग मला हनुवटीच्या इशाऱ्यानेच बाजूला सारत तिने विहिरीत कळशी सोडली आणि भरून वर येईपर्यंतचा व्हिडिओ सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर टाकला.

"विहीर कोण बघणार?" मी वैतागून विचारलं.

"घर सगळेच दाखयतात, भाऊ. मे म्हयन्यात बांयतलां पाणी कोण दाखयता?"

आठवड्याभरात दोडामार्गाकडचं एक जोडपं आलं. बायको घराकडे न बघता थेट विहिरीवर गेली. कळशी ओढून ओंजळभर पाणी प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता घर दाखवा."

एजंट बाईने ऐटीत माझ्यापुढे हात पसरला, "चावी!"