यादी न वाचता

खारदांड्याच्या मच्छीमार सोसायटीत रुचिरा तांडेलला कुणी पाच मिनिटं एका जागी बसलेलं पाहिलेलं नाही. ऑफिसातला लिनक्सचा कॉम्प्युटर तीच सांभाळते आणि दिवसभर सगळ्यांवर खेकसते, "न वाचता सह्या काय ठोकता रे?"

त्या सकाळी बर्फाच्या टोकनांचा प्रोग्राम अडला. त्याला एका लायब्ररीची, म्हणजे दोन्ही प्रोग्राम वापरत असलेल्या तयार कोडची, नवी आवृत्ती हवी होती, वजनकाट्याच्या प्रोग्रामला त्याचीच जुनी. बाहेर कोळणींची रांग, पाट्यांतली मासळी उन्हात. रुचिराने नवी आवृत्ती टाकायला घेतली. काय काय काढून टाकावं लागेल त्याची लांब यादी दाखवून कॉम्प्युटरने विचारलं, पुढे जाऊ? तिने फटकन हो म्हटलं. वजनकाट्याचा प्रोग्रामच उडाला.

"वाट लागली! आधी सांगायचं ना!" ती स्क्रीनवर ओरडली.

रांगेत सगळ्यात पुढे तिची आई मंजुळा होती. "त्याने विचारलं नाही तुला?"

"विचारलं गं. यादी पण दिली."

"मला वाचता येत नाही," मंजुळा म्हणाली, "म्हणून अंगठा उठवायच्या आधी मी तुझ्याकडून वाचून घेते. तुला तर येतं ना?"